सीएनसी राउटरची मोटर अडली? नवी मागवण्याआधी हे तपासा

श्रावण तोंडावर आला की कुडाळ, कणकवली, सावंतवाडीच्या पट्ट्यात जवळपास प्रत्येक राउटरवर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने लाकूड कापणाऱ्या मशीनवर, मखरं कापायला लागतात. बाहेर पाऊस थांबत नाही, शेडची जमीन पाझरते, आणि नेमकं त्याच दिवसांत एका सकाळी मशीन चालू केलं की गँट्री, म्हणजे बेडवरून सरकणारा आडवा पूल, जागच्या जागी घुर्र घुर्र करते, पण हलत नाही. मग फोन येतो, "दादा, वायची मोटार गेली मा?"

मी उलट विचारतो, गेली हे कशावरून ठरवलंस? बहुतेक वेळा पलीकडे शांतता असते. अक्ष (एक्स, वाय, झेड या हालचालीच्या तीन दिशांपैकी एक) हलत नाही म्हणजे मोटर जळली, एवढंच गृहीत धरलेलं असतं. सिंधुदुर्गात आणि राजापूर-लांज्यापर्यंत अशी मशिनं बघत फिरल्यावर माझं मत पक्कं झालंय: स्टेपर मोटर, म्हणजे पायरीपायरीने फिरणारी मोटर, हा या सगळ्या साखळीतला सर्वांत चिवट भाग आहे. तिच्यात कार्बन ब्रश नाहीत, आतमध्ये तांब्याची वेटोळी, चुंबक आणि दोन बेअरिंग एवढंच. तिच्या आधी केबल तुटते, कनेक्टर गंजतो, ग्रब स्क्रू (शाफ्टवर पकड ठेवणारा छोटा स्क्रू) ढिला होतो, ड्रायव्हर (मोटरला करंट देणारा बोर्ड) बसतो. शिवाय आपल्याकडे चुकीचा पार्ट मागवणं परवडत नाही. पार्सल मुंबई-पुण्याहून रात्रीच्या बसने येणार, नाहीतर कोल्हापूरहून घाट उतरून. पावसात घाटात दरड आली की आणखी दोन दिवस गेले. तोवर मखराचं गिऱ्हाईक थांबत नाही, कारण गणपती थांबत नाहीत.

म्हणून नव्याने राउटर घेतलेल्या, इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या माणसालाही जमेल असा हा क्रम. लागणारं सामान थोडकंच: एक बरा मल्टिमीटर, अ‍ॅलन कीचा सेट, बारीक स्क्रू ड्रायव्हर, परमनंट मार्कर, काँटॅक्ट क्लीनरचा स्प्रे, वही आणि फोटो काढायला मोबाइल.

आधी वीज, मग हात

मेन एमसीबी खाली करा आणि दहा मिनिटं थांबा. घाईच्या दिवसांत ही दहा मिनिटं कुणाला नको असतात, पण यात सूट नाही. स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) चालवणाऱ्या व्हीएफडीमध्ये, म्हणजे तिचा वेग ठरवणाऱ्या पेटीमध्ये, २३० व्होल्टची एसी डीसीत बदलून सुमारे ३२५ व्होल्ट कपॅसिटरमध्ये साठलेले असतात. एमसीबी पडला तरी ते लगेच उतरत नाहीत. डिस्प्ले विझला म्हणजे झालं, असंही समजू नका; काही उघडण्याआधी मीटरने बघा. पावसाळ्यात पॅनेलसमोर कोरडी फळी किंवा रबरी मॅट टाका, पायात कोरडी चप्पल हवी, आणि भिजलेल्या हाताने पॅनेलला शिवू नका.

दुसरी गोष्ट झेडची, म्हणजे वर-खाली जाणाऱ्या अक्षाची. स्पिंडल जड असतो आणि मोटरची वीज गेली की बॉल स्क्रूवरून (अक्ष हलवणाऱ्या आट्यांच्या दांड्यावरून) तो सरसर खाली येऊ शकतो. वीज बंद करण्याआधीच स्पिंडलखाली लाकडी ठोकळा द्या, आणि बिट काढून ठेवा. बिट बेडमध्ये घुसून मोडलेलं, किंवा खाली हात सापडलेला, दोन्ही मी पाहिलं आहे.

तिसरी गोष्ट नीट लक्षात ठेवा: ड्रायव्हर चालू असताना मोटरची वायर कधीही काढू किंवा लावू नका. कॉइलमधला करंट अचानक तुटला की उलट्या व्होल्टेजचा झटका ड्रायव्हरला बसतो. मोटर तपासायला गेलेला माणूस अशा वेळी चांगला ड्रायव्हर मारून बसतो, आणि एकाचे दोन बिघाड होतात.

ऐका आणि लिहून ठेवा

आता मशीन पुन्हा चालू करा, पण काही उघडू नका. बिघडलेला अक्ष हँडलवरून अगदी हळू जॉग करा (बटणाने थोडा थोडा हलवा), दोन्ही दिशांना, आणि काय होतं ते वहीत लिहा.

मोटरमधून काहीच आवाज नाही आणि गँट्री हाताने सहज सरकते: मोटरपर्यंत करंट पोचतच नाही. ड्रायव्हर, पॉवर सप्लाय किंवा इनेबल सिग्नलकडे (ड्रायव्हरला चालू होण्याची परवानगी देणाऱ्या सिग्नलकडे) बघा. इमर्जन्सी बटण दाबलेलं राहिलं नाही ना, हेही आधीच बघून घ्या. लहान पोर शेडमध्ये येऊन गेलं की हे होतं.

मोटर जागच्या जागी थरथरते, कधी पुढे कधी मागे, पण फिरत नाही: ही खूण सर्वांत बोलकी. साध्या दोन फेजच्या स्टेपरला दोन कॉइल असतात. ती १.८ अंशांची एक, अशा २०० पायऱ्यांत एक फेरा पूर्ण करते, आणि पुढची पायरी कुठे ते दोन्ही कॉइल मिळून ठरवतात. एकीचा करंट तुटला की दुसरी एकटी तिला फक्त हिसके देते. म्हणजे चार वायरींपैकी एक कुठेतरी सुटलेली आहे.

मोटर फिरते, पण अक्ष हलत नाही किंवा मध्येच घसरतो: बिघाड विजेचा नाही, कपलिंगचा (मोटरचा शाफ्ट आणि स्क्रू जोडणाऱ्या तुकड्याचा) किंवा पिनियनचा (रॅक, म्हणजे दातेरी पट्टीवर फिरणाऱ्या दातेरी चाकाचा).

हळू चालते, वेग वाढवला की कण्हून थांबते: कुठेतरी जाम आहे, व्होल्टेज कमी पडतंय, किंवा कुणीतरी अ‍ॅक्सिलरेशनचा आकडा वाढवून ठेवलाय.

मोटर गरम लागली म्हणून घाबरू नका. स्टेपर उभी असतानाही करंट घेते, त्यामुळे हात ठेववत नाही इतकी तापणं तिच्या बाबतीत नेहमीचं आहे. जळका वास किंवा वितळलेलं इन्सुलेशन दिसलं तर गोष्ट वेगळी.

लोखंडाचं काम आधी

वीज बंद. गँट्री हाताने हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवा. हळूच का, तर जोरात ढकलल्यावर मोटर जनरेटरसारखी वीज तयार करते आणि ती ड्रायव्हरकडे उलटी जाते. बॉल स्क्रू असेल तर कपलिंगला धरून फिरवा. कुठे जड जातंय? एकाच जागी की सगळीकडे?

समुद्राजवळच्या शेडमध्ये, मालवण-वेंगुर्ल्याच्या बाजूला, लिनियर रेलवर तांबूस गंज दोन-तीन दिवसांतही दिसू लागतो. त्यात एमडीएफचा भुसा. हा भुसा दमट हवेत ग्रीसमध्ये मिसळला की त्याचा घट्ट लगदा होतो आणि ब्लॉकच्या तोंडाशी थापला जातो. ओल्या फणसाच्या फळीचा चिकट भुसाही पिनियनच्या दातांत असाच बसतो. ब्रशने आणि कापडाने तो काढा, रेल पुसा, नवं ग्रीस भरा. फक्त काँप्रेसरची हवा मारू नका, भुसा आणखी आत जातो. निम्म्या तक्रारी इथेच मिटतील असा आकडा मी देणार नाही, पण हे न करता पुढे जाऊ नका.

मग कपलिंग. मोटरचा शाफ्ट आणि कपलिंग यांच्यावरून मार्करने एक सरळ रेघ ओढा. मशीन थोडं चालवा, पुन्हा बंद करून बघा. रेघ तुटली, म्हणजे दोन भाग एकमेकांवर घसरले, तर ग्रब स्क्रू ढिला आहे. स्क्रू काढा, शाफ्टच्या सपाट बाजूवर येईल असा बसवा, थ्रेड लॉकचा (स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाचा) एक थेंब द्या आणि घट्ट करा. सुरुवातीच्या काळात एका अक्षासाठी मी पुण्याहून मोटर मागवली होती. ती आल्यावर जुनी काढताना कळलं की दीड मिलिमीटरची अ‍ॅलन की पुरली असती. तेव्हापासून रेघ आधी.

पॅनेलमध्ये काय दिसतं

पॅनेल उघडून आधी नुसतं बघा, नाक लावा. मुंग्यांची रांग, पालीची विष्ठा, टर्मिनलवर हिरवट थर, काळी पडलेली लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी). पाली आपल्याकडे उबेला पॅनेलमध्ये येतात आणि दोन टर्मिनलांमध्ये चिकटून मरतात, त्यातून शॉर्ट होतो. केबल आत येते ती भोकं ग्लँड (केबलभोवती घट्ट बसणारं बूच) लावून बुजवा.

ड्रायव्हरवर साधारणपणे एक हिरवा आणि एक लाल दिवा असतो. हिरवा लागलाय, लाल विझलाय, तर ड्रायव्हर स्वतःला ठीक समजतोय. दोन्ही बंद, तर सप्लायच नाही. लाल लुकलुकतोय, तर किती वेळा लुकलुकतो ते मोजा. प्रत्येक कंपनीचा अर्थ वेगळा असतो, पण जादा करंट आणि जादा व्होल्टेज हे दोन इशारे बहुतेकांत असतात. ज्या मशीनवर एन्कोडरवाली क्लोज्ड लूप मोटर (स्वतःची जागा मोजून ड्रायव्हरला कळवणारी) आहे तिथे नुसता रेल जाम झाला तरी लाल दिवा लागतो, कारण सांगितलेली जागा आणि खरी जागा यांत फरक पडलेला असतो. तिथेही लोक मोटर बदलायला निघतात.

पॉवर सप्लायची डीसी मोजा. त्यावर ३६ लिहिलं असेल तर ३६च्या आसपास, ४८ असेल तर ४८. मशीन उभं असताना मोजून समाधान मानू नका. दोन अक्ष एकदम चालवत, स्पिंडल सुरू करून मोजा. आकडा मोठ्या फरकाने खाली बसत असेल तर सप्लाय दमलाय. त्याच वेळी २३० व्होल्टची लाइनही मोजा. ट्रान्सफॉर्मरपासून लांबच्या वाडीत, संध्याकाळी पंप सुरू झाल्यावर, व्होल्टेज इतकं उतरतं की दिवसा बिनतक्रार चालणारं मशीन सातनंतर पायऱ्या चुकवतं. अशा ठिकाणी चांगला सर्व्हो स्टॅबिलायझर लागतोच.

अर्थिंगबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण आपल्या मातीत तो प्रश्न खरा आहे. जांभ्यात अर्थिंगचा खड्डा घेतला की पावसात तो छान काम करतो आणि एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी पडली की त्याचा विरोध वाढतो. मग व्हीएफडीचा गोंगाट सिग्नलच्या वायरींत शिरतो, आणि मोटर मध्येच एखादी जादा पायरी टाकते किंवा एखादी गाळते. काम तिरकं होतं आणि संशय मोटरवर जातो. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये मीटर लावा. दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसत असेल तर वायरमनला बोलवा. उन्हाळ्यात खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी घाला. स्पिंडलची केबल शिल्डवाली हवी, आणि ती सिग्नलच्या केबलपासून लांब, वेगळ्या बाजूने न्या.

कॉइल मोजणं

आता मोटरचा खरा न्याय. वीज बंद, दहा मिनिटं झालेली, ड्रायव्हरवरचा मोटरचा हिरवा प्लग बाहेर काढलेला. त्याआधी फोटो काढा: कोणत्या रंगाची वायर ए प्लसला, कोणती ए मायनसला, बी प्लस, बी मायनस. रंगांवर भरवसा ठेवू नका, कंपनीगणिक बदलतात.

मीटर ओहमच्या सर्वांत खालच्या रेंजवर ठेवा. दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून स्वतःच्या वायरींचा आकडा बघा, ०.२ किंवा ०.३ येईल. पुढे जो आकडा येईल त्यातून हा वजा करायचा, कारण राउटरच्या मोटरची कॉइल फार कमी ओहमची असते, बहुधा अर्ध्यापासून दोन ओहमपर्यंत, मोठ्या मोटरला त्याहूनही कमी. इतक्या लहान आकड्यात मीटरची चूक मोठी दिसते.

ए प्लस ते ए मायनस मोजा. बी प्लस ते बी मायनस मोजा. दोन्ही जवळजवळ सारखे यायला हवेत. एक ०.९ आणि दुसरा अनंत, तर त्या जोडीत तुटलंय. एक ०.९ आणि दुसरा ०.४, तर आतल्या वेटोळ्यांत शॉर्ट असण्याची शक्यता. मग ए आणि बी यांच्यामध्ये मोजा. तिथे काहीच यायला नको. शेवटी एक टोक मोटरच्या बॉडीला, रंग खरवडून, आणि दुसरं प्रत्येक वायरीला. तिथेही काही यायला नको.

मीटर हाताशी नसेल तर एक जुनी युक्ती आहे. प्लग काढलेल्या मोटरचा शाफ्ट बोटांनी फिरवा. हलके हलके खटके लागत फिरेल. आता एका कॉइलची दोन टोकं एकमेकांना जोडा आणि फिरवा. स्पष्ट जड लागलं तर ती कॉइल अखंड आहे. काहीच न जोडता मोटर आधीपासूनच जड असेल तर आत किंवा केबलमध्ये कुठेतरी शॉर्ट आहे, किंवा बेअरिंग गेलंय.

पॅनेलवर आकडा चुकीचा आला म्हणून मोटर गेली, असं अजून म्हणायचं नाही. तीच मोजणी मोटरपाशी, केबल सोडवून, पुन्हा करा. पॅनेलवर अनंत आणि मोटरपाशी ०.९ आलं तर मोटर ठणठणीत आहे, दोष मधल्या केबलचा.

आणि केबल हाच आपल्याकडचा मोठा गुन्हेगार. ड्रॅग चेनमध्ये (केबल सांभाळत गँट्रीबरोबर सरकणाऱ्या साखळीत) ती दिवसाला हजारो वेळा वाकते. स्वस्त मशिनांत साधी घरगुती वायर घातलेली असते, तिची तांब्याची तार वरून न दिसता आत मोडते. देवगडच्या बाजूच्या एका शेडमधलं मशीन फक्त डाव्या टोकाला गेलं की थरथरायचं, उजवीकडे छान. गँट्री डावीकडे गेली की चेनचा वाक मोडलेल्या जागेवर यायचा आणि टोकं सुटायची. मीटर बीपवर ठेवून, वीज बंद करून, गँट्री हाताने सरकवली. एका ठरावीक जागी बीप तुटला. लवचिक, चेनसाठी बनवलेली केबल घातल्यावर मोटरला हातही लावावा लागला नाही.

मोटरजवळचा गोल कनेक्टर असेल तर तोही उघडा. खाऱ्या हवेत त्याच्या पिना हिरव्या पडतात. काँटॅक्ट क्लीनर मारा, सुकू द्या, ढिल्या पिना बदला.

अदलाबदल

एवढं करूनही निकाल लागला नाही तर चांगल्या अक्षाची मदत घ्यायची. समजा एक्स बिघडलाय, झेड चांगला आहे, आणि दोन्ही मोटरी सारख्या आहेत. मोटरची पाटी वाचून आणि ड्रायव्हरवरचे करंट ठरवणारे छोटे डिप स्विच जुळवून खात्री करा. मोठ्या मोटरचा करंट लहान मोटरला दिलात तर चाचणीतच ती जळेल. झेडखाली ठोकळा आहेच. वीज बंद करून दोघांचे प्लग अदलाबदल करा. अक्ष मधोमध आणा, होमिंग (अक्ष स्विचपर्यंत नेऊन मूळ जागा ठरवणं) करू नका, कारण आता होमचा स्विच एकाचा आणि हालचाल दुसऱ्याची होणार. अगदी हळू जॉग द्या.

एक्सची मोटर झेडच्या ड्रायव्हरवरही थरथरते: दोष मोटर किंवा तिची केबल. एक्सची मोटर आता छान फिरते आणि झेडची एक्सच्या ड्रायव्हरवर अडते: दोष ड्रायव्हर किंवा त्याच्या मागचं काहीतरी. मागचं म्हणजे काय ते शोधायला प्लग मूळ जागी ठेवून फक्त पल्स आणि डायरेक्शनच्या (ड्रायव्हरला किती आणि कुठे फिरायचं ते सांगणाऱ्या) वायरी बदलून बघा. बिघाड सरकला तर कंट्रोलर (हुकूम देणारा मेंदू) किंवा ब्रेकआउट बोर्ड (त्याचे सिग्नल वायरींत वाटणारा बोर्ड), नाही सरकला तर ड्रायव्हर.

वायच्या बाबतीत ही चाचणी जपून. बऱ्याच मशिनांत वायला दोन बाजूंनी दोन मोटरी असतात, आणि एकच चालली तर गँट्री तिरकी होऊन रॅकमध्ये अडकते. तिथे दोन्ही पिनियन रॅकपासून सोडवूनच चाचणी घ्या.

स्पिंडल असेल तर

स्पिंडल वेगळा. तो तीन फेजचा, व्हीएफडीवर चालणारा. डिस्प्लेवर कोड येतो त्याचा अर्थ पुस्तकात बघा. यू, व्ही, डब्ल्यू या तिघांतले जोडीजोडीचे ओहम सारखे हवेत. बॉडीचं इन्सुलेशन ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) मोजा, पण त्याआधी स्पिंडलच्या वायरी व्हीएफडीतून पूर्ण काढा, नाहीतर मेगर व्हीएफडीला मारेल. आकडा १ मेगओहमच्या खाली असेल तर चालवू नका. आठवडाभर बंद राहिलेला स्पिंडल दमट झालेला असू शकतो, तो कोरड्या उबेत एक-दोन दिवस ठेवून पुन्हा मोजा. आकडा वर चढला तर ओलच होती.

व्हीएफडी नवा बसवलात तर एक सेटिंग डोळ्यांत तेल घालून तपासा. २४,००० फेऱ्यांचा दोन पोलचा स्पिंडल ४०० हर्ट्झवर पूर्ण वेग घेतो. नव्या व्हीएफडीत बेस फ्रिक्वेन्सी (ज्या हर्ट्झला पूर्ण व्होल्टेज द्यायचं तो आकडा) बहुधा ५० असते. ती तशीच ठेवून चालवलात तर ५० हर्ट्झलाच पूर्ण व्होल्टेज मिळतं आणि स्पिंडल काही मिनिटांत जळू शकतो.

मोटर खरंच गेली असेल तर

पाटीचा फोटो, शाफ्टचा व्यास, मोटरची लांबी, करंट, टॉर्क, आणि तोंडाची रुंदी, एवढं कळवूनच मागवा. नेमा २३ म्हणजे ५७ मिलिमीटरचं तोंड, नेमा ३४ म्हणजे ८६. आकडा तोंडाचा आहे, ताकदीचा नाही, त्यामुळे "नेमा २३ द्या" एवढं पुरत नाही. जुनी स्टेपर उघडून रोटर बाहेर काढू नका. तो बाहेर आला की चुंबकाची ताकद घटते आणि मोटर परत पूर्वीसारखी ओढत नाही.

गणपतीच्या सुट्टीसाठी शेड आठ-दहा दिवस बंद ठेवणार असाल तर जाताना रेलवर तेलाचा हात फिरवा आणि सिलिका जेलच्या पिशव्या पॅनेलमध्ये टाका. मेन बंद करून जात असाल तर परतल्यावर लगेच मशीन चालू करू नका. पॅनेल उघडून टेबल फॅन तासभर मारा, मग सप्लाय द्या. रोजच्या वापरात पॅनेलमध्ये छोटा हीटर थर्मोस्टॅटसह लावलात तर पावसाळा बराच सुसह्य होतो.

दुरुस्ती झाल्यावर थेट गिऱ्हाइकाच्या सागवानावर जाऊ नका. आधी बिट न लावता पंधरा मिनिटं हवेत प्रोग्रॅम चालवा, मोटर आणि ड्रायव्हरला हात लावून बघत. मग टाकाऊ एमडीएफवर ३०० मिलिमीटरचा चौकोन कापा आणि टेपने दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही ४२४ च्या किंचित वर, आणि एकमेकांइतकेच आले, की मखर लावा.